तीन टॅबलेट, एकच काम: आयपॅड, अँड्रॉइड आणि लिनक्स

आधी निकाल सांगते, कारणं नंतर. पेनाने लिहायचं-रेखाटायचं असेल, पीडीएफवर खुणा करत वाचायचं असेल आणि काही वर्षं यंत्राकडे लक्षच द्यावं लागू नये असं वाटत असेल, तर आयपॅडला आजही तोड नाही. पण टॅबलेटवर केलेलं काम त्या टॅबलेटपेक्षा जास्त टिकायला हवं असेल, तर एकट्या आयपॅडच्या भरवशावर राहू नका. मी राहत नाही. माझ्याकडे सध्या तीन टॅबलेट आहेत आणि तिन्ही रोज हाताळते, म्हणून हे परीक्षण.

माझं काम जुन्या हस्तलिखित वह्या आणि छापील मासिकांचे अंक स्कॅन करून जतन करण्याचं आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण एका अंकामागे बरीच कामं लागतात. पान स्कॅन करायचं, जोडपानं असतील तर मधोमध वेगळी करायची, वाकलेल्या ओळी सरळ करायच्या, शेकडो फाइलींना एका पद्धतीने नावं द्यायची, ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) चालवायचं, ओसीआरने जे चुकीचं वाचलं ते हाताने दुरुस्त करायचं, आणि सगळ्याच्या दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवून त्या तंतोतंत सारख्या आहेत का हे तपासायचं. हे सगळं एकाच ॲपच्या पोटात मावत नाही. चार-पाच साधनं एकमेकांना जोडावी लागतात, आणि टॅबलेट ‘बंद’ (कंपनी परवानगी देईल तेवढंच चालवणारा) आहे की ‘खुला’ (मालकाला हवं ते बसवू देणारा) हे नेमकं त्या जोडणीच्या वेळी कळतं. एकेक ॲप सुटं वापरणाऱ्याला हा फरक वर्षानुवर्षं जाणवणारही नाही.

आयपॅडचं कौतुक आधी, कारण ते मनापासून आहे. दुरुस्तीचं काम मी फक्त त्याच्यावरच करते. शाई मागच्या बाजूला उतरलेलं पान मोठं करून बघायचं, संशयास्पद अक्षराभोवती लाल गोल काढायचा, समासात एखादा शब्द लिहायचा. पेन टेकवल्यावर रेघ लगेच उमटते, काचेवर तळहात ठेवला तरी नको ते डाग पडत नाहीत. कव्हर बंद करून दोन दिवस बाजूला ठेवला तरी बॅटरी जवळपास तेवढीच असते. बाकी दोघांपैकी एकालाही हे इतक्या नीटपणे जमत नाही. टॅबलेटच्या पडद्यासाठी मुद्दाम घडवलेली ॲप्सही इथेच जास्त आहेत. चित्रांसाठी प्रोक्रिएट आहे, व्हिडिओसाठी लुमाफ्यूजन आहे, २०२३ मध्ये व्हिडिओचं फायनल कट आणि संगीताचं लॉजिकही आले. चित्रकार किंवा संगीतकार असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता फाइलींकडे वळते. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा वापरणाऱ्याला फाइल अशी काही दिसतच नव्हती. जे काही होतं ते त्या त्या ॲपच्या आत. फाइल्स हे ॲप २०१७ मध्ये आलं. बाहेरची डिस्क जोडून वाचायची सोय २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ बरोबर मिळाली, ती डिस्क फॉरमॅट करायची २०२४ मध्ये. हव्या त्या आकाराच्या खिडक्या, वर मेनू, प्रिव्ह्यू ॲप आणि लांबलचक काम मागे चालू ठेवायची मुभा या गोष्टी २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मिळाल्या, आणि ती मुभाही ॲप बनवणाऱ्याने आपल्या ॲपमध्ये आणली असेल तरच. यातली प्रत्येक सोय चांगली आहे आणि मी ती वापरते. माझी तक्रार उशिराबद्दल नाही. मधल्या काळात ज्याला गरज होती त्याला ती स्वतः भागवता येत नव्हती, ही तक्रार आहे. संगणकावर एखादी सोय नसेल तर कोणीतरी छोटा प्रोग्रॅम लिहितं, दुसरा तो उतरवून घेतो, आणि काम पुढे सरकतं. इथे मात्र कंपनीला वाटेल तेव्हाच.

प्रती तपासायचं साधं काम घ्या. फाइल्स ॲपमधून फोल्डर डिस्कवर टाकला की ‘कॉपी झाली’ एवढंच समजतं. मूळ आणि प्रत बाइटागणिक सारख्या आहेत का, हे पाहायची सोय त्यात नाही. जतनाच्या कामात ही चैन नव्हे. शेकडो टिफ फाइलींतली (स्कॅन केलेल्या पानांच्या चित्रांतली) एक अर्धवट उतरली तर ते कळायला काही वर्षं जाऊ शकतात, आणि तोवर मूळ वही ज्याची त्याला परत गेलेली असते.

ओसीआरसाठी मी टेसरॅक्ट वापरते. एचपीमध्ये १९८५ च्या सुमारास सुरू झालेला हा प्रोग्रॅम २००५ मध्ये मुक्त झाला (म्हणजे त्याचा कोड कोणीही वापरावा, बदलावा असा) आणि पुढे बरीच वर्षं गूगलने सांभाळला. मराठीसाठी त्याची तयार भाषा-फाइल मिळते. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याकडच्या छपाईचे नमुने देऊन त्याला शिकवता येतं. जुन्या खिळ्यांची जोडाक्षरं आजच्या टंकांसारखी नसतात. ‘क्ष’चा एक खास घाट किंवा उभं रचलेलं ‘द्ध’ तयार ओसीआरला समजत नाही. ते शिकवून बनवलेली फाइल माझ्याकडे आहे, आणि मला ती प्रत्येक यंत्रावर चालवायची असते.

आयपॅडवर त्यासाठी आयएसएच नावाचं ॲप आहे. त्याच्या आत अल्पाइन लिनक्स, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीची एक आवृत्ती, चालतं, त्यात टेसरॅक्टही बसवता येतं. पण एका पानाला लागणारा वेळ पाहिला की हात जोडावेसे वाटतात. दोष ते ॲप बनवणाऱ्यांचा नाही, त्यांनी कमालच केली आहे. ॲपने चालता चालता स्वतः यंत्रभाषेत कोड तयार करून तो चालवायचा, याला आयपॅडओएस बाहेरच्या ॲपना मनाई करतं. त्यामुळे आयएसएचला लिनक्सची एकेक सूचना वाचून, तिचा अर्थ लावून पुढे जावं लागतं. आत इतका दमदार प्रोसेसर आणि वेग मात्र मुंगीचा. त्यात २०२० मध्ये हे ॲप स्टोअरमधून काढण्याची सूचना अॅपलने दिली होती. बाहेरून कोड आणून चालवणं नियमात बसत नाही, हे कारण. आवाज उठल्यावर ती सूचना मागे घेतली गेली आणि ॲप टिकलं. मला ते टिकल्याचा आनंद आहे, पण माझ्या कामाचा एक टप्पा असा कोणाच्या फेरविचारावर अवलंबून असावा हे मला मान्य नाही.

‘टॅबलेट आहे, त्याच्याकडून संगणकाची अपेक्षा कशाला?’ असं पुष्कळजण म्हणतात. पण २०२० मध्ये मॅकमध्ये आलेली एम१ चिप २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्येही आली. मॅकवर बाहेरून आणलेला प्रोग्रॅम उघडताना इशारा दिला जातो, आणि तरीही चालवायचा असेल तर वाट मोकळी ठेवलेली असते. चिप तीच, कंपनी तीच. युरोपीय संघात डिजिटल मार्केट्स ॲक्ट या बड्या तंत्रज्ञान-कंपन्यांवरच्या कायद्याखाली आयपॅडओएसला एप्रिल २०२४ मध्ये ‘गेटकीपर’, म्हणजे बाजाराचं दार हाती असलेली सेवा, ठरवलं गेलं आणि आयपॅडओएस १८ पासून तिथे दुसरी ॲप दुकानं चालू शकतात, ब्राउझरलाही स्वतःचं इंजिन (वेबपान उभं करणारा आतला भाग) वापरता येतं. इतरत्र आयपॅडवरचा क्रोम काय आणि फायरफॉक्स काय, आतून दोन्ही अॅपलच्याच वेबकिट इंजिनवर चालतात. म्हणजे तोच टॅबलेट सीमेच्या एका बाजूला जास्त करू शकतो, दुसऱ्या बाजूला कमी. हा फरक काचेत नाही, चिपमध्येही नाही. तो धोरणात आहे, आणि धोरणाविरुद्ध बोलता येतं, म्हणून मी बोलते आहे.

सर्वांत जिव्हारी लागलेला अनुभव वेगळाच आहे. पान सपाट करण्यासाठी मी एक लहानसं ॲप पैसे देऊन घेतलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ते ॲप चालवणं बनवणाऱ्याला परवडेना, ते स्टोअरमधून गेलं, आणि नव्या आयपॅडवर ते मला परत मिळालं नाही. जुन्या यंत्रात ते अजून आहे, पण तिथून उचलून नव्यात ठेवता येत नाही. त्या ॲपच्या स्वतःच्या स्वरूपात साठवलेल्या दुरुस्त्या काढायला मला ते जुनं यंत्र चालू ठेवावं लागलं. अँड्रॉइडवर हीच पाळी आली असती तर एपीके फाइल (ॲप बसवायची मूळ फाइल) माझ्या डिस्कवर जपून ठेवली असती, जशी बाकीच्या साधनांची ठेवते.

बंद दुकान आणि मुक्त सॉफ्टवेअर यांचं नातं मुळातच अवघड आहे. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर जानेवारी २०११ मध्ये ॲप स्टोअरमधून गेला, कारण त्याचा जीपीएल परवाना आणि स्टोअरच्या अटी एकमेकांत बसत नव्हत्या. जीपीएल म्हणतो की प्रोग्रॅम घेणाऱ्यावर जास्तीची बंधनं घालू नका, आणि स्टोअरचं कामच बंधनं घालायचं. व्हीएलसी २०१३ मध्ये परतला तो परवाना बदलूनच. ज्या साधनांवर माझं काम उभं आहे त्यातली बरीच याच कुळातली आहेत, म्हणून हे मला परकं वाटत नाही.

इथे थोडं विषयांतर करते. टॅबलेटची कल्पना संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या नावाने मांडली. ती मुलांसाठी होती आणि मुलांनी त्यावर स्वतः प्रोग्रॅम रचावेत हा तिचा गाभा होता. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला त्याच महिन्यात, मुलांनी स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत केलेले खेळ दाखवणारं एक ॲप अॅपलने स्टोअरमधून काढलं, दुसऱ्याचा कोड चालवणारं म्हणून. तो नियम त्याच वर्षी सैल झाला, आज आयपॅडवर पायथन भाषेतही प्रोग्रॅम लिहिता येतो आणि स्विफ्टमध्येही. तरी मुलाने बनवलेलं ॲप शेजारच्या मित्राच्या आयपॅडवर सहज ठेवता येत नाही. फुकटच्या डेव्हलपर खात्याने बसवलेलं ॲप सात दिवसांनी उघडायचं थांबतं. शिकणाऱ्या मुलाला आपण केलेली वस्तू मित्राला देता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं.

अँड्रॉइडच्या टॅबलेटवर माझं यंत्रवत काम होतं. त्यावर टर्मक्स हे कमांड लाइनचं (आज्ञा टाइप करून काम करायचं) ॲप आहे, एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या दुकानातून घेतलेलं. त्यात टेसरॅक्ट, चित्रांवर काम करणारं इमेजमॅजिक, फाइलींच्या प्रती करणारं आरसिंक सगळं एका ओळीत बसतं आणि थेट चिपवर पूर्ण वेगाने चालतं. संध्याकाळी एका अंकाचा फोल्डर त्यात टाकते, पडदा बंद झाला तरी झोपू नकोस असं टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधून सांगते आणि स्क्रिप्ट सुरू करते. सकाळी प्रत्येक पानाशेजारी त्याच नावाची मजकुराची फाइल असते, शेवटी चेकसमची (फाइल बदलली का हे ओळखायच्या आकड्यांची) यादी, आणि एखादं पान अडलं असेल तर त्याचं नाव वेगळं लिहिलेलं. ती स्क्रिप्ट मी लिहिली आहे, हवी तेव्हा बदलते, कोणाला विचारावं लागत नाही. एकाच टॅबलेटवर घरातल्या दोघांची स्वतंत्र खाती ठेवता येतात, हीसुद्धा साधी वाटणारी मोठी सोय. अँड्रॉइडच्या टॅबलेटवर ती २०१२ पासून आहे. आयपॅडवर शाळा-संस्थांच्या व्यवस्थेबाहेर ती अजून नाही.

पण ‘खुला’ म्हणजे सताड उघडा नव्हे, आणि इथलं दार हळूहळू लोटलं जात आहे. यूएसबीला लावलेली डिस्क बहुतेक टॅबलेटवर टर्मक्सला थेट दिसत नाही. फोल्डरची परवानगी अँड्रॉइडच्या पद्धतीने एकेका ॲपला द्यावी लागते आणि कमांड लाइनची साधनं ती पद्धत जाणत नाहीत. म्हणून मी आधी आतल्या साठ्यात काम करते, मग फाइल मॅनेजरने डिस्कवर नेते, आणि अंतिम पडताळणी दुसऱ्या यंत्रावर. अँड्रॉइड १२ पासून सगळ्या ॲपनी मिळून सुरू केलेल्या उपप्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की प्रणाली त्या मारून टाकते. अँड्रॉइड १४ पासून डेव्हलपर पर्यायांत हे बंद करता येतं, पण ते माहीत असावं लागतं. यंत्रायंत्रांतल्या फाइली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगच्या अधिकृत अँड्रॉइड ॲपचं काम २०२४ अखेर थांबलं, आणि प्ले स्टोअरवर ते ठेवणं जिकिरीचं झालं हे त्यामागचं एक कारण होतं. मुक्त असल्यामुळे इतरांनी ते पुढे चालवलं, मी आता तेच वापरते.

मोठी चिंता पुढची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड यंत्रांवर बाहेरून बसवायच्या ॲपच्या डेव्हलपरनेही आपली ओळख गूगलकडे नोंदवली पाहिजे. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, नंतर सगळीकडे. एफ-ड्रॉइडने लगेच विरोध केला, आणि विरोध वाढल्यावर अनुभवी लोकांसाठी वेगळी वाट ठेवू असं गूगलने म्हटलं. ती वाट किती रुंद असेल यावर माझ्यासारख्यांचा अँड्रॉइडवरचा विश्वास ठरेल. बूटलोडरचंही तसंच, म्हणजे यंत्र सुरू होताना प्रणाली चढवणाऱ्या प्रोग्रॅमचं. काही कंपन्या तो उघडू देतात, काही देत नाहीत, आणि आधी देणाऱ्याही हात आखडता घेऊ लागल्या आहेत. कंपनीने अपडेट बंद केल्यावर लिनेजओएससारखी अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त प्रणाली टाकून यंत्र वाचवायचं असेल, तर हे खरेदीच्या आधीच बघायला हवं. पेन आणि ॲपच्या बाबतीत अँड्रॉइड मागे आहे. कितीतरी ॲप्स फोनचीच, ताणून मोठी केलेली वाटतात. बॅकअप काढून नव्या यंत्रावर सगळं जसंच्या तसं परत आणणं आयपॅडवर जितकं सुखाचं आहे तितकं इथे नाही.

तिसरा टॅबलेट सुटा होणाऱ्या कीबोर्डचा आहे, पीसीच्या प्रोसेसरचा, आणि त्यावर लिनक्स आहे. माझ्या फ्लॅटबेड स्कॅनरसाठी त्याच्या कंपनीने नवे ड्रायव्हर काढणं केव्हाच थांबवलं, पण लिनक्सच्या सेन या स्कॅनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो अजून ओळखला जातो. तार लावली की चालू. स्कॅन टेलर जोडपानं वेगळी करतं, वाकलेल्या ओळी सरळ करतं, समास सारखे करतं, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याने काय ठरवलं ते दाखवून मला बदलू देतं. मग ओसीआरएमवायपीडीएफ सगळ्या पानांची शोधता येणारी पीडीएफ बांधतं. हा सगळा प्रवाह अडथळा न येता याच एका यंत्रावर होतो. खऱ्या अर्थाने माझ्या मालकीचा टॅबलेट म्हणायचा तर हाच.

आणि टॅबलेट म्हणून तिघांत सर्वांत डावाही हाच. झोपवून ठेवला तरी बॅटरी गळत राहते. माझ्या यंत्रावर कॅमेरा चालत नाही. पडद्यावरचा कीबोर्ड कधी येतो, कधी बोलवावा लागतो. पेन चालतं, पण तळहात टेकला की मध्येच रेघ उमटते. कीबोर्ड लावून टेबलावर ठेवला की उत्तम, हातात घेऊन वाचायला बसलं की कंटाळा येतो. या उणिवा कोणी धोरण म्हणून लादलेल्या नाहीत. यंत्रांच्या कंपन्या माहिती देत नाहीत आणि मोजके लोक आपल्या वेळात ड्रायव्हर लिहितात, म्हणून त्या आहेत. दर काही महिन्यांनी त्यातली एखादी मिटते. पडदा फिरवल्यावर पेनाची जागा चुकायची, ते मागच्या अपडेटनंतर थांबलं.

सुरक्षिततेचा मुद्दा बंद प्रणालीच्या बाजूचा सर्वांत जड मुद्दा आहे आणि मी तो हलक्याने घेत नाही. फोनवरून गोड बोलून एपीके बसवायला लावणारे भामटे खरे आहेत, त्यात लोकांची आयुष्यभराची बचत जाते. माझ्या आईच्या हाती मी आयपॅडच दिला आहे आणि तो तसाच राहील. मला हवी आहे ती मॅकवर आहे तशी निवड. दार मुळात बंद असू द्या, त्याला कडी भक्कम असू द्या, इशारेही चार द्या, पण किल्ली यंत्राच्या मालकाकडे असू द्या. आईसाठी मी ते दार कधीच उघडणार नाही. माझ्या टॅबलेटवर उघडीन, आणि त्याची जबाबदारी घेईन.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर जाहिरातीतली चिप बघू नका. स्वतःची डिस्क बरोबर न्या, टॅबलेटला लावा आणि हजारभर फाइलींचा एक फोल्डर तिच्यावर कॉपी करून पाहा. त्या फाइलींची नावं एकदम बदलून बघा. रोजच्या ॲपमधून तुमचं काम साध्या स्वरूपात, म्हणजे टिफ, पीडीएफ किंवा निव्वळ मजकुरात बाहेर काढता येतं का, ते तपासा. अँड्रॉइड असेल तर बूटलोडर उघडतो का आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे लेखी बघा. लिनक्सचा विचार असेल तर नेमक्या त्याच मॉडेलवर झोप, पेन आणि कॅमेरा चालल्याचं कोणीतरी नोंदवलेलं आहे याची खात्री करूनच पैसे मोजा.